मी आहे ना

११ जून

दादा,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे बघून तू पत्र न फोडताच कपाटावर टाकून देशील, म्हणून पाकिटाच्या मागे वहिनीसाठी आधीच लिहिलंय: तिनं ते फोडावं आणि तुला वाचून दाखवावं. फोन तू उचलत नाहीस. नंबर बदललास की काय, तेही कळायला मार्ग नाही.

काम एकच आहे. आईनं इंजेक्शनं बंद केली आहेत. साखरेची, तुझ्या लग्नाच्या आधीपासून घेते ती. मला कळलं ते फ्रिज पुसताना. दाराच्या कप्प्यातली बाटली गेल्या खेपेला होती तेवढीच भरलेली. विचारलं तर म्हणाली, "नवी आणलीय." औषधाच्या दुकानात चौकशी केली तर दुकानदार म्हणाला, "तुमच्याकडून बऱ्याच दिवसांत कोणी आलंच नाही." मग घरी येऊन तिच्यासमोर मांडी ठोकून बसले. तेव्हा तिनं उशीखालून एक छोटी बाटली काढली. थेंब आहेत. सकाळ-संध्याकाळ पाण्यातून घ्यायचे, म्हणजे साखर मुळापासून जाते आणि सुई टोचावी लागत नाही.

हे थेंब तिला कोणी घ्यायला सांगितले हे वाचून तुला आधी हसू येईल. बाबांनी.

चष्म्याच्या दुकानातून बाबा निवृत्त झाले हे तुला माहीत असेल किंवा नसेल. जन्मभर मागच्या खोलीत बसून काचा घासल्या, गिऱ्हाइकाशी बोलायची वेळ आली नाही. निवृत्त झाल्यावर काही दिवसांनी त्या दुकानाचा एक जुना गिऱ्हाईक घरी आला. जाहिराती बनवतो. म्हणाला, "काका, तुमचा चेहरा बघितला की माणसाला खरं वाटतं. एवढे पांढरे केस, एवढा शांत चेहरा पैसे देऊन मिळत नाही." एका दाताच्या डॉक्टरच्या बंद पडलेल्या खोलीत बाबांना पांढरा कोट घालून बसवलं, गळ्यात स्टेथोस्कोप, मागे हाडांचा तक्ता. कोटाच्या बाह्या लांब होत्या. त्या आईनंच आत घालून शिवल्या आणि इस्त्री केली.

थेंबांची जाहिरात अशी आहे. एक बाई पाय धरून रडते, तिची छोटी मुलगी दारातून बघत असते. मग एक रेघ सरसर वर जाते, कसली ते सांगत नाहीत. मग बाबा. "लाखो घरांनी विश्वास ठेवला," असं म्हणतात, पुढे वाकतात, सरळ आपल्या डोळ्यांत बघतात आणि म्हणतात, "घाबरू नका. मी आहे ना."

मी शाळेत आठवीला नेमकं हेच शिकवते. जाहिरात किंवा कोणाचंही बोलणं आपल्याला कुठून ओढतं ते ओळखा: डोक्यातून, मनातून, की बोलणाऱ्याच्या वजनावरून. आईला मी सगळं फोडून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छान शिकवतेस गं."

तुझं ऐकेल ती. तू मोठा, तू लांब. रोज तुझी आठवण काढते. परवा तुझा जुना निळा स्वेटर काढून उन्हात घातला होता. एकदा फोन कर आणि एवढंच सांग की इंजेक्शन घे. बाबांशी बोलायची गरज नाही, मी फोन थेट तिच्याच हातात देईन.

बाकी सगळं ठीक. नव्या चपलेनं तिच्या टाचेला एक फोड आलाय, तो जाईल.

तुझी
मास्तरीण

२ जुलै

दादा,

तुझा फोन आला नाही. पत्र पोचलं की नाही माहीत नाही, पोचलं असं धरून लिहिते.

तुला वाटत असेल, आईला कळत कसं नाही? माणूस घरातला, कोट तिनं शिवलेला. मलाही तेच वाटत होतं. परवा भाजी चिरता चिरता तिला सरळ विचारलं. "आई, बाबा डॉक्टर नाहीत, हे तुला माहीत आहे ना?"

"मला नाही तर कोणाला माहीत असणार?"

"मग?"

तिनं चिरलेली भाजी पातेल्यात लोटली. मग म्हणाली, "इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याकडे असं बघून कधी बोलला नाही. तुम्हा दोघांच्या वेळी मी कळा सोसत होते तेव्हा हे बाहेर बाकावर बसून होते. माझी आई गेली तेव्हा यांनी पाणी आणून दिलं आणि दुकानात गेले. वाईट माणूस नाही. पण 'मी आहे ना' एवढं कधी तोंडातून निघालं नाही. आता रोज म्हणतात. मालिका लागली की दोन-तीनदा तरी म्हणतात."

मी म्हटलं, "ते पाठ केलेलं आहे. कोणीतरी लिहून दिलंय."

"असू दे लिहून दिलेलं. म्हणाले ना."

भीती दाखवली असती तर मी पुस्तकं काढली असती. आकडे फेकले असते तर आकडे दिले असते. माझ्याकडे सगळ्या ओढण्यांची नावं आहेत, दादा, पण आईचं जे झालंय त्याचं नाव माझ्या धड्यात नाही.

बाबांशीही बोलले. त्यांना आधी कळेचना की आई खरोखरच थेंब घेते. घरी फुकट आलेल्या बाटल्या त्यांनी माळ्यावर टाकल्या होत्या. तिनं त्या उतरवल्या. कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. संध्याकाळी ते जेवायला बसले तेव्हा ताटाकडे बघत म्हणाले, "ते घेऊ नकोस. त्यात काही नसतं." एवढंच. आई म्हणाली, "बरं," आणि त्यांना वाढलं. सकाळी पुन्हा घेतले.

दुसऱ्या दिवशी ते जाहिरातवाल्याच्या ऑफिसात गेले, मीही गेले. त्यानं कॉफी मागवली. फार गोड माणूस. बाबा म्हणाले, "ती जाहिरात बंद करा." तो म्हणाला, "काका, त्यात तुम्हाला कुठे डॉक्टर म्हटलंय का? एकदाही नाही. बघा हवं तर." खरंच म्हटलेलं नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की ही व्यक्ती कलाकार आहे. मी म्हटलं, "ते वाचायला भिंग लागेल." तो हसला आणि म्हणाला, "काका चष्म्याच्याच दुकानातले ना?" बाबाही हसले. सवयीनं. बाहेर आल्यावर जिन्यात थांबून म्हणाले, "मी कशाला हसलो?"

रस्त्यात लोक बाबांना थांबवतात. कोणी जीभ दाखवतं, कोणी पायाची सूज. बाबा म्हणतात, मी डॉक्टर नाही. लोकांना तो त्यांचा मोठेपणा वाटतो. आता ते चष्मा काढून बाहेर पडतात, म्हणजे कोणी ओळखणार नाही, आणि फुटपाथवर ठेचकाळतात.

आणि हे सांगायला नको होतं, पण सांगते. मी वर्गात सगळ्यांना वर्तमानपत्रातल्या जाहिराती कापून आणायला सांगितल्या होत्या, प्रत्येकीखाली कशानं ओढतात ते लिहायचं. मागच्या बाकावरच्या मुलीनं बाबांचा फोटो चिकटवून आणला. खाली लिहिलं होतं: "हा माणूस दिसतो चांगला, म्हणून आपण विचारायचं थांबतो." आजवर इतकं नेमकं कोणी लिहिलं नव्हतं. तिला पूर्ण गुण दिले आणि वही मिटली.

फोन कर. तिचा फोड अजून आहे, जरा चिघळलाय.

मास्तरीण

२३ जुलै

दादा,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर म्हणजे माझंच पहिलं पत्र परत, वर तुझ्या लाल खुणा. "रोज तुझी आठवण काढते" याखाली तू लिहिलंयस: माया. स्वेटरखाली: माया, जास्तीची. "तू मोठा" यापुढे: मानपान. आणि शेवटी, "आईला माझ्याशी बोलायचं असेल तर ती लिहील. तू लहानपणापासून असंच करतेस."

तुझ्या खुणा बरोबर आहेत. आई तुझी आठवण काढत नाही. म्हणजे मनात काढत असेल, पण तोंडानं तुझं नाव घेत नाही. तुमचं बाळ गेलं त्या दिवशी तू फोन केला होतास आणि बाबांनी एक शब्द न बोलता तो आईच्या हातात दिला, तेव्हापासून या घरात तुझं नाव कोणीच घेत नाही. घेतलं तर बाबा उठून बाल्कनीत जातात. स्वेटरही मी रचला. तुझा निळा स्वेटर कधीच विरून गेला, त्याचं पोतेरं झालं. तू हलावंस म्हणून मी तो उन्हात घातला.

आता खरं तेवढंच लिहिते. त्याखालीही खुणा कर हवं तर.

फोड हा फोड नव्हता. पहिल्या पत्राच्या वेळीच जखम होती, मी ती लहान करून सांगितली, कारण मला वाटलं मोठी सांगितली तर तुला मी घाबरवतेय असं वाटेल. बघ, असा घोळ आहे. टाच काळी पडली आहे. वास येतो. आई मोजे घालून बसत होती आणि त्यावर अत्तर लावत होती. सोमवारी तिला थंडी वाजून ताप भरला, शुद्ध हरपल्यासारखी झाली, तेव्हा बाबा तिला पाठीवर घेऊन जिना उतरले. या वयात. मी मागून तिचे पाय धरले होते.

आता ती दवाखान्यात आहे. इंजेक्शनं सुरू आहेत, शुद्धीवर आहे. सर्जनबाई तरुण आहेत, स्पष्ट बोलतात. गुडघ्याखाली पाय काढायला हवा, लवकर. काढला तर किती टक्के, नाही काढला तर किती टक्के, सगळं आईला कागदावर आकृती काढून समजावलं. आईनं कागद घेतला, घडी केली आणि म्हणाली, "नको."

"का नको?"

"तुम्ही हुशार आहात. पण नको."

मास्तरीण

२६ जुलै

दादा,

दवाखान्याच्या जिन्याखालच्या बाकावरून लिहितेय.

आईनं सही केली. उद्या ऑपरेशन आहे. कशी केली ते तुला सांगितल्याशिवाय मला बसवत नाही.

तीन दिवस सगळ्यांनी सांगून बघितलं. मी भीती दाखवली. मी रडले, खरं रडले, आणि रडताना मला दिसत होतं की हेही एक ओढणंच आहे. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं आपला नकली पाय काढून दाखवला आणि ती यावर कशी बाजारात जाते ते सांगितलं. आईनं कौतुकानं हात लावून बघितला. पण सहीच्या कागदाला नाही.

बाबा सकाळ-संध्याकाळ पायथ्याशी स्टूलवर. काल ते म्हणाले, "ते थेंब खोटे होते. मी खोटं बोललो. आता ऐक."

आई म्हणाली, "तुम्ही इथे नीट बोलत नाही."

"म्हणजे?"

"पुटपुटता. माझ्याकडे बघत नाही. तिथे कसं बोलता."

मी बाबांना बाहेर नेलं. व्हरांड्यात माणसं होती, औषधांच्या ट्रॉल्या जात होत्या, मी त्यांना भिंतीशी उभं केलं आणि म्हटलं, "बाबा, तसं बोला. तिथे बोललात तसं."

ते म्हणाले, "ते नाटक होतं."

"नाटक तर नाटक. तिला तेच पटतं."

"तू असं शिकवतेस मुलांना?"

मग ते भिंतीकडे बघत मला एक गोष्ट सांगू लागले. त्या दिवशी त्यांना काही केल्या कॅमेऱ्यात बघून बोलता येईना. डोळे खाली जायचे. पुन्हा पुन्हा घेतलं. शेवटी जाहिरातवाला म्हणाला, काका, समोर काकू बसल्यात असं समजा. "मग मी तसं समजलो," बाबा म्हणाले. "एकदम जमलं. मलाच आश्चर्य वाटलं. घरी येऊन तिला सांगावं म्हटलं, पण राहिलं."

म्हणजे आईला जे दिसत होतं ते खरंच होतं, दादा. त्या सगळ्या खोट्यात तेवढं एक खरं होतं, आणि तिनं नेमकं तेच उचललं, आणि त्यावरून थेंबही.

बाबा आत गेले. चष्मा पुसला. स्टूल पायथ्यापासून उचलून उशाशी ठेवलं. पुढे वाकून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ऑपरेशन करून घे. घाबरू नकोस. मी आहे ना."

आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तुला सांगू शकत नाही. तिनं पेन मागितलं.

सर्जनबाई मला म्हणाल्या, "काय सांगितलंत त्यांना?" मी म्हटलं, माहीत नाही.

उद्या सकाळी तिला आत नेतील. त्याआधी फोन करता आला तर कर. नाही आला तरी मी समजेन.

मास्तरीण

९ ऑगस्ट

दादा,

सगळं उरकलं. तुला कळवलं तेवढंच कळवलं, आता नीट लिहिते. या पत्रात मला तुझ्याकडून काही नको आहे, त्यामुळे निवांत वाच.

त्या सकाळी आई बरी होती. केस नीट करून घेतले माझ्याकडून. ट्रॉली निघाली तेव्हा बाबा तिचा हात धरून बाजूनं चालत होते. ऑपरेशनच्या दाराशी आल्यावर वॉर्डबॉयनं बाबांना थांबवलं. "इथपर्यंतच, आजोबा."

आई म्हणाली, "यांना येऊ द्या."

"आत कोणालाच येता येत नाही, आजी."

तिनं बाबांकडे बघितलं. "तुम्ही म्हणालात ना."

मला तेव्हा कळलं, दादा. तिला वाटलं होतं बाबा आत असणार. शेवटपर्यंत शेजारी असणार. तिनं त्या वाक्याचा सरळ अर्थ घेतला होता. आम्ही सगळ्यांनी ते वाक्य नुसतं वापरलं, जाहिरातवाल्यानं थेंब खपवण्यापुरतं, मी सही मिळवण्यापुरतं.

बाबा म्हणाले, "मी इथेच आहे. दाराशीच आहे." पण ते पुन्हा पुटपुटले. ट्रॉली हलली होती. ती मान वळवून बघत राहिली, दार बंद होईपर्यंत. तिच्या तोंडावर राग नव्हता. फसल्यासारखं होतं फक्त.

पाय काढला. पण विष रक्तात गेलेलं होतं, ती भुलीतून पूर्ण बाहेर आलीच नाही. सर्जनबाई म्हणाल्या, महिनाभर आधी आणली असती तर. नंतर त्यांनाही वाटलं असावं की बोलायला नको होतं.

तुझा फोन आला तेव्हा ती आत होती. बाबांनी उचलला. तू विचारलंस, आई कशी आहे, आणि पलीकडून काहीच आलं नाही, आणि थोड्या वेळानं तू ठेवून दिलास. तुला वाटलं असेल, हे पुन्हा गप्पच. ते गप्प नव्हते. रडत होते. त्यांना आवाज न करता रडायची सवय आहे, आणि फोनवर ते ऐकू येत नाही. तुमच्या बाळाच्या वेळीही तेच झालं असणार. मी तेव्हा घरात नव्हते, पण आता मला तसं वाटतं. हे मी तुला ओढायला लिहीत नाही. शप्पथ घेतली असती, पण स्वेटरनंतर माझ्या शपथेला काय किंमत.

शाळेत जाते. तो धडा या वर्षापुरता दुसऱ्या बाईंना दिला. मुलांसमोर उभं राहून "ओळखलं की आपण सुटतो" असं म्हणायची माझी हिंमत नाही. मी सगळं ओळखलं होतं.

जाहिरात चालू आहे. आता नवीन वाहिनीवरही लागते. वकील म्हणतो, लढता येईल, वेळ लागेल. टीव्ही आम्ही शेजाऱ्यांना देऊन टाकला, पण भिंत पातळ आहे.

काल दुपारी एक बाई घरी आल्या. कुठून तरी पत्ता काढत, दोन बस बदलून. नवऱ्याचे रिपोर्ट पिशवीत. दारातच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब आहेत?" मी त्यांना परत पाठवणार होते, पण बाबा बाहेर आले. त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि समोर खुर्ची घेऊन बसले.

मी बाबांना इतकं बोलताना कधी ऐकलं नाही. ते त्या बाईंच्या डोळ्यांत बघून बोलले. मी डॉक्टर नाही, म्हणाले. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचो. तो कोट भाड्याचा होता. त्या बाटलीत रंगीत पाणी आहे. माझी बायको तेच पीत होती, तिचा पाय गेला आणि मग ती गेली, बारा दिवस झाले. तुमच्या मिस्टरांना आजच दवाखान्यात न्या, इंजेक्शन बंद करू देऊ नका. कागदावर दवाखान्याचं नाव लिहून दिलं, सर्जनबाईंचं नाव लिहून दिलं. कुठेही अडखळले नाहीत.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी आईच्या फोटोकडे बघितलं, म्हणाल्या, "तुमच्यावर केवढा प्रसंग आला आणि तरी तुम्ही माझ्यासाठी वेळ काढलात." कागदाची घडी करून पिशवीत ठेवली. उठता उठता त्यांनी विचारलं, "मग थेंब जेवणाआधी द्यायचे की नंतर? बाटलीवर नीट लिहिलेलं नाही."

बाबांनी सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. त्या मान हलवत राहिल्या. जाताना म्हणाल्या, "तुमच्याशी बोललं की धीर येतो, डॉक्टरसाहेब."

त्या जिना उतरून गेल्या. बाबा कडी लावून तिथेच उभे राहिले, दाराला हात लावून. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "या वेळी मी नीट सांगितलं ना?"

मी म्हटलं, "हो बाबा. अगदी नीट सांगितलंत."

तुझी बहीण